स्लीपमधून उठल्यावर आयआरक्यू १६ बंद पडतो: दोष नेमका कोणाचा?

प्रश्न

नमस्कार. माझ्या जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स आहे. संगणक नव्याने सुरू केला की दिवसभर काहीही तक्रार नसते. परंतु स्लीपमधून उठवल्यावर मिनिटाभरातच यूएसबी माउस धक्के खात सरकू लागतो. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये ‘आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड’ (१६ क्रमांकाच्या इंटरप्ट लाईनवरील, म्हणजे उपकरणे प्रोसेसरचे लक्ष वेधतात त्या मार्गावरील, संकेताची कोणी दखल घेतली नाही) आणि काही ओळींनंतर ‘डिसेबलिंग आयआरक्यू १६’ असे संदेश दिसतात. मधल्या हँडलरांच्या (इंटरप्ट आल्यावर कर्नल ज्यांना विचारतो त्या ड्रायव्हरांच्या भागांच्या) यादीत केवळ यूएसबी कंट्रोलर आहे. म्हणजे मदरबोर्डावरील यूएसबीच बिघडले असावे काय? संदेशातच सुचवलेला ‘आयआरक्यूपोल’ हा पर्याय बूटच्या वेळी द्यावा का? लग्नांच्या जुन्या मिनीडीव्ही कॅसेटी उतरवून घेण्यासाठी बसवलेले पीसीआय फायरवायर कार्ड (कॅमेरा जोडण्याचे) सोडल्यास यंत्रात वेगळे काही नाही.

उत्तर १

यादीत नाव आहे एवढ्यावरून यूएसबीला दोषी धरू नये. कर्नलने विचारले तेव्हा ‘हा इंटरप्ट माझा नाही’ असे सांगणाऱ्यांची ती यादी असते. खरा ओरडणारा बहुधा तिच्याबाहेर असतो. जुन्या पद्धतीची इंटरप्ट लाईन अनेक उपकरणांत सामायिक असते आणि एखाद्याने ती धरून ठेवली, तर त्याची दखल घेणारा ड्रायव्हर येईपर्यंत तोच इंटरप्ट पुनःपुन्हा येत राहतो. अशा १,००,००० इंटरप्टांपैकी ९९,९०० हून अधिक बेवारस निघाले, की कर्नल ती लाईन बंद करतो आणि त्यानंतर तिच्यावरील हँडलरांना सेकंदाला सुमारे १० वेळा स्वतःहून विचारत राहतो. आपला माउस पूर्ण बंद न पडता अडखळतो, तो यामुळेच.

‘आयआरक्यूपोल’ने लक्षण झाकले जाईल, परंतु हँडलरांना सतत विचारत बसण्याचा भार प्रोसेसरवर पडेल. निदानापुरता वापरा, कायमचा नको. फायरवायर कार्डाचा ड्रायव्हर सध्या चालू आहे का, हे आधी पाहावे.

उत्तर २

वरील मताशी सहमत आहे, मात्र एक सावधगिरी हवी. ड्रायव्हर नसलेल्या उपकरणासमोर ‘एलएसपीसीआय’ (पीसीआय उपकरणांची यादी देणारी आज्ञा) जो आयआरक्यू क्रमांक दाखवते, तो अनेकदा फर्मवेअरने (मदरबोर्डावरील बायोसने) लिहून ठेवलेला जुना क्रमांक असतो. तिथे ११ दिसला म्हणून ते उपकरण १६ वर नाही, असे समजू नये.

शिवाय ‘पीएम टेस्ट’ या कर्नलच्या स्लीप तपासण्याच्या सोयीमध्ये ‘डिव्हायसेस’ ही पातळी निवडून स्लीपची आज्ञा द्यावी. यात उपकरणे निलंबित होतात आणि ५ सेकंदांनी पुन्हा जागी होतात, पण यंत्र प्रत्यक्ष झोपत नाही. इथे चूक आली नाही आणि खऱ्या स्लीपनंतर आली, तर संशय ड्रायव्हरांकडून फर्मवेअरकडे आणि वीज जाऊन परत येण्याच्या टप्प्याकडे वळतो. नंतर कार्ड काढून ‘आरटीसीवेक’ने (ठरल्या वेळी यंत्र आपोआप जागे करणाऱ्या आज्ञेने) यंत्र बरेच वेळा झोपवून पाहावे, एका फेरीवरून निष्कर्ष काढू नये.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. ‘डिव्हायसेस’ पातळीवर काहीही घडले नाही. खऱ्या स्लीपमध्ये मात्र तिसऱ्याच फेरीला लाईन बंद पडली. कार्ड काढल्यावर सलग २० फेऱ्या निर्विघ्न पार पडल्या. तेव्हा आठवले, की कॅसेटींचे काम संपल्यावर मीच फायरवायरचा ड्रायव्हर ब्लॅकलिस्टमध्ये (आपोआप सुरू न होणाऱ्या ड्रायव्हरांच्या यादीत) टाकला होता! कार्ड परत बसवून ड्रायव्हर सुरू केला आणि पुन्हा २० फेऱ्या केल्या, तरी संदेश आला नाही. आता कोणत्या लाईनवर कोणता ड्रायव्हर आहे हे दाखवणाऱ्या ‘इंटरप्ट्स’ फाईलमध्ये १६ समोर यूएसबीच्या जोडीला फायरवायरचेही नाव दिसते.

उत्तर १

हे जुळते. जागे होताना ड्रायव्हर कार्ड नव्याने सज्ज करतो, तसेच त्याच्या इंटरप्टाची दखल घेणाराही तिथे हजर असतो. यापुढे कार्ड नको असेल, तर ब्लॅकलिस्ट करण्याऐवजी ते स्लॉटमधूनच काढून ठेवावे.