चावट की चावरा? स्वस्तातले व्हॅम्पायर विनोदपट (चर्चा; बोलणाऱ्यांची नावं टोपणनावं आहेत)

सातरस्ता
आपल्या सोलापुरात कोणी कमी पैशात चावट व्हॅम्पायर विनोदपट करणार असेल, तर माझं मत ऐका. चावटपणावर सगळ्यात कमी खर्च करा, दातांवर सगळ्यात जास्त. उघडं अंग मोबाइलवर फुकट दिसतं, त्यासाठी दीड तास कोणी बसत नाही. दात मात्र क्लोज-अपमध्ये येतात आणि तिथंच पिक्चर पडतो.

खेळण्यांच्या दुकानातली प्लास्टिकची कवळी घातली की ओठ मिटत नाहीत, लाळ गळते आणि स, श, च, ज एका भांड्यात पडतात. 'जवळ सरक' या शब्दांना हशा येतो, पण नको त्या जागी. डेंटल लॅबमधून ठसा देऊन फक्त दोन सुळ्यांवर बसतील अशा अ‍ॅक्रिलिकच्या टोप्या करून घ्या. शूटिंगच्या आधी दोन-तीन दिवस नटाने त्या घालून मोठ्याने पेपर वाचायचा. चुंबनाच्या शॉटला टोप्या काढायच्याच, नाहीतर ओठ फाटतो. आधी चुंबन, मग कॅमेरा मानेच्या मागे, तिथं कट, दात बसवून पुढचा शॉट. बघणाऱ्याला कळत नाही.

कंबरतलाव
साफ अमान्य. शृंगार म्हणजे या प्रकाराला वरून लावलेली झालर नाही. ल फॅन्यू या लेखकाची व्हॅम्पायरकथा 'कार्मिला' 1872 ची, म्हणजे 'ड्रॅक्युला'च्या 25 वर्षं आधीची, आणि तिचा गाभाच दोन तरुणींमधली ओढ आहे. ब्रिटनमध्ये 1970 साली 'एक्स' (फक्त मोठ्यांसाठी) प्रमाणपत्राचं वय 16 वरून 18 झालं आणि त्याच वर्षी हॅमर या भयपटांच्या कंपनीने त्याच कथेवरून 'द व्हॅम्पायर लव्हर्स' पडद्यावर आणला. शृंगार काढला तर उरतं काय? फेटा नसलेला नवरदेव.

दातांचे पैसे वाचवून इंटिमसी कोऑर्डिनेटर, म्हणजे शृंगाराचे प्रसंग कलाकारांच्या संमतीने बसवून देणारा माणूस, आणा. कुठं हात लागेल, कुठं नाही, किती कपडे, किती वेळ, हे आधी कागदावर, दोन्ही कलाकारांच्या सहीने. तालीम पूर्ण कपड्यांत आणि मोजून: तीन आकडे मोजेपर्यंत मान, दोन आकडे खांदा. सेटवर पाच-सहा माणसं, मॉनिटर एकच, मोबाइल बाहेर. ऐनवेळी दिग्दर्शकाने 'अजून थोडं' म्हणायचं नाही. हे न करता घेतलेला प्रसंग अवघडलेला दिसतो, कारण कलाकार खरोखरच अवघडलेले असतात. आणि अवघडलेल्या माणसाला विनोदाचं टायमिंग सापडत नाही, हे तुमच्याच मुद्द्याला धरून सांगतोय.

शेंगाचटणी
दोघं कशाला भांडलालाव बे? दात बी नको, अंग बी नको, आधी व्हॅम्पायरचे नियम बघा. स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' कादंबरीत (1897) घरच्या माणसाने बोलावल्याशिवाय व्हॅम्पायरला पहिल्यांदा उंबरा ओलांडता येत नाही. आता हा नियम सोलापुरात आणा. इथं मीटर बघायला आलेल्याला पण 'या की आत, बसा, च्या घ्या' म्हणतात. बिचाऱ्याला मोहिनी घालायची संधीच मिळत नाही, तो थेट सोफ्यावर. पुढं ताटात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, चटणीत लसूण, आणि व्हॅम्पायरला तोच सोसत नाही. घरातल्या प्रत्येकाच्या श्वासाला लसूण. मान समोर आहे आणि चावता येत नाही!

यात शृंगार बी आला. 'आत ये' कोण म्हणणार, कधी म्हणणार, यावर एक अख्खा प्रसंग दारातच उभा राहतो. दोन माणसं, एक उंबरा, एक दिवा. कपडा काढायची गरज नाही.

कंबरतलाव
दाराचा प्रसंग मान्य. कपड्याचं नाही. अठरा वर्षांवरच्या प्रेक्षकाला पोस्टरवर एक आणि आत दुसरंच दाखवणं ही फसवणूक आहे.

अंधारकोठडी
लसणाचा विनोद एकदाच चालतो, दुसऱ्यांदा नाही. मूळ अडचण जोडकामाची आहे. आपल्याकडे भयपटात विनोदाचा वेगळा डबा जोडायची सवय. रामसे बंधूंच्या 'पुराना मंदिर'मध्ये (1984) जगदीपचा 'शोले'च्या विडंबनाचा भाग बघा: तो चालू असताना भुताला सुट्टी असते. चावटपणाही तसाच डबा झाला की पिक्चरची मालगाडी होते. एकाच शॉटमध्ये भय, विनोद आणि चावटपणा तिन्ही यायला हवेत. तो चावायला वाकतो, तिला गुदगुल्या होतात, ती हसते, तो नाराज होतो. झालं. याला ना दात लागतात ना कोऑर्डिनेटर.

सातरस्ता
गुदगुल्या करायच्या म्हणजे मानेला तोंड लागणार, तिथं कंबरतलाव यांचा कागद लागेलच. तेवढं मी मागे घेतो. दातांवर ठाम आहे.

पूर्वभाग
रक्ताबद्दल कोणी बोलेना म्हणून लिहिते. पाव किलो लिक्विड ग्लुकोज, त्यात अर्धी वाटी कोमट पाणी, लाल खाद्यरंग दोन छोटे चमचे, कोको पावडर अर्धा चमचा आणि निळ्या रंगाचा एक थेंब. कोको पाण्यात आधी घोटून घ्या, नाहीतर गुठळ्या राहतात. निळा जास्त पडला तर जांभळं सरबत दिसतं. हे तोंडात चालतं. कपड्यावर ते मण्यासारखं वरच थांबतं, म्हणून कपड्यासाठीच्या बाटलीत भांड्याच्या लिक्विड साबणाचे चार-पाच थेंब टाकतात, मग ते मुरतं. या दोन बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या लावा. साबणाची बाटली तोंडाजवळ गेली तर शृंगार तिथंच संपला.

साखरेमुळे मुंग्या येतात. शवपेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, धान्याच्या डब्याला ठेवतो तसे. पांढऱ्या शर्टाच्या किमान तीन प्रती हव्यात, रंग धुतल्यावर गुलाबी डाग राहतो.

आणि झग्यासाठी कृपा करून सोलापुरी चादर वापरू नका. विनोद म्हणून एका शॉटला छान, पण तिचं जॅकार्डचं कापड जाड आणि जड, वाऱ्यावर उडत नाही, नट डोहाळजेवणाला निघाल्यासारखा दिसतो. ती शवपेटीत अंथरा. झग्याला सॅटिन. चाव्याच्या आवाजाला काकडी मोडायची आणि पाठोपाठ ओला टर्किश टॉवेल पिळायचा. टॉवेलला आपल्याकडे तोटा नाही.

अंधारकोठडी
मेकअपचं राहिलं. पांढरा पॅनकेक (चेहऱ्यावरचा रंगाचा थर) घामाने फुटतो आणि प्रेमप्रसंगात समोरच्याच्या गालावर उतरतो. पुढच्या शॉटला पुसला तर सलगता जाते. अल्कोहोलवर विरघळणारा रंग टिकतो, पण डोळ्यांपासून लांब ठेवायचा. शूटिंग डिसेंबर-जानेवारीत लावा. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात बंद खोली, दिवे आणि झगा म्हणजे व्हॅम्पायर उन्हाशिवायच मरेल. तसं पाहिलं तर उन्हाने मरणं हे 1922 च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटापासून आलं, कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसा फिरतो. तेव्हा दुपारी शूट करायला शास्त्राधार आहे!

सातरस्ता
दुपारीच रात्र करा. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स 3200 केल्विन (चित्र निळसर होतं), एक्सपोजर दोन स्टॉप खाली (चित्र काळोखं होतं), सूर्य पात्रांच्या मागे, आकाश फ्रेमच्या बाहेर. आत ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडी असेल तर 25 फ्रेम आणि शटर 1/50, कारण आपली वीज 50 हर्ट्झची. 24 फ्रेम आणि शटर 1/48 ठेवलं तर प्रकाश धडधडतो.

नियमावली
दाखवणार कुठं? थिएटरला सेन्सॉरचं 'ए' लागेल. 'ऑनलाइनला सेन्सॉर नाही' म्हणून काहीही टाकायचा बेत असेल तर थांबा. 2021 च्या आयटी नियमांनुसार तिथंही 'ए' वर्गवारी आणि वयाची खात्री करणारी सोय द्यावी लागते. वर आयटी कायद्याचं कलम 67 (अश्लील मजकूर) आणि 67अ (उघड लैंगिक कृत्याचा मजकूर) आहेच. 67अखाली पहिल्याच दोषसिद्धीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. मार्च 2024 मध्ये केंद्राने अश्लीलतेच्या कारणावरून 18 ओटीटी बंद केले. त्यामुळे कंबरतलाव, तुमचा प्रसंग दोन पद्धतींनी शूट करा: एक रुंद, एक फक्त चेहरे आणि हात. कात्री लागली तर दुसरा कामी येतो, परत कलाकार गोळा करावे लागत नाहीत.

कंबरतलाव
चेहरे आणि हात आधी शूट करू. ताजेपणा तिथं लागतो. पण रुंद शॉट मी सोडणार नाही.

शेंगाचटणी
आणि दारातला?

कंबरतलाव
तो पहिल्या दिवशी. दात न घालता.