उंची खुंटलेली मुलं नजरेतून सुटतात, दोष कुणाचा?

निशिकांत: मोजपट्टी आणि दोन डोळे, एवढंच लागतं. तरी खुंटलेली मुलं वर्ष-दोन वर्षं कुणाच्या लक्षात येत नाहीत. आरोग्यसेविकांचा निव्वळ कामचुकारपणा आहे.

सुमन: हे वाचून सकाळपासून डोकं तापलंय. 14 वर्षं हेच काम करतेय. दोन वर्षांखालचं मूल निजवून मोजायचं असतं. एकीनं डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसरीनं गुडघे सरळ करून पावलांशी सरकती पट्टी आणायची. मूल किंचाळतं, पाय आखडून घेतं, आई म्हणते, "राहू द्या ना ताई, घाबरलंय ते." आणि मी एकटी. गुडघा जरा वाकडा राहिला की माप कमी भरतं. वर्षाच्या मुलग्याला 71 सेंटिमीटर ही खालची सीमा. एका सेंटिमीटरच्या चुकीनं निकाल फिरतो.

निशिकांत: मग नोंदवहीत पानंच्या पानं 70, 75, 80 अशीच गोल, अंदाजानं लिहिलेली मापं का? मी तपासणीचं काम केलंय, डोळ्यांनी पाहिलंय.

सुमन: होतं तसं. नाकारत नाही. पण त्याच दिवशी लसीकरण, गरोदर बायकांच्या नोंदी आणि वर तीच माहिती तीन वह्यांत उतरवायची. ते कोण तपासतं?

मीरा: वह्यांचं पुरे. माझ्या लेकीचं दर महिन्याला वजन झालं, लांबी एकदाही नाही. अंगानं भरलेली दिसायची, सगळे खूश. अडीच वर्षांची असताना सात महिन्यांनी लहान चुलतभावाशेजारी उभी राहिली, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

प्रभाकर: आईवडील बुटके असतील तर मूल बुटकंच होणार. आमच्याकडे चार पिढ्या बुटक्या, सगळे ठणठणीत.

मीरा: हेच ऐकून मी दीड वर्ष गप्प बसले! 2006 चे जागतिक आरोग्य संघटनेचे मुलांच्या वाढीचे तक्ते ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिकेतल्या मुलांवरून केलेत. नीट पोसलेली, निरोगी मुलं सगळीकडे जवळपास सारखीच वाढली.

प्रभाकर: तक्त्यासाठी माझ्या नातवाला आजारी ठरवू नका.

सुमन: काका, एखादं मूल घराण्यानं बुटकं असू शकतं, हे मान्य. म्हणून तर एका मापावर थांबायचं नाही. पुन्हापुन्हा मोजायचं, तक्त्यावरची त्याची रेघ खाली घसरतेय का बघायचं. आणि दंडाचा घेर मोजायच्या पट्टीवर विसंबू नका, तिच्यात रोडावलेलं मूल सापडतं, खुंटलेलं नाही.

निशिकांत: दोन माणसं लागतात हे मला ठाऊक नव्हतं. कामचुकार हा शब्द मागे घेतो. पण अंदाजानं लिहिलेल्या 75 ला माझ्याकडे माफी नाही.

सुमन: माझ्याकडेही नाही. परवा वर्षाच्या एका मुलाच्या आईलाच डोकं धरायला शिकवलं, पाय मी धरले. 68.3 भरलं. पुन्हा घेतलं, 68.5. वहीत 68.4 लिहिलं आणि त्याच दुपारी त्याला डॉक्टरांकडे पाठवलं.