वस्ती साफ झाल्यावर तिथे राहणार कोण?

वाटसरू
कचराकेंद्रं, जुने कारखाने, विषारी माती गरिबांच्याच दारात येते. १९८२ साली अमेरिकेतल्या वॉरन काउंटीत पीसीबी हे विषारी रसायन मिसळलेल्या मातीचे ट्रक अडवायला लोक रस्त्यावर आडवे झाले, ते याच रागातून. पण माझा मुद्दा पुढचा आहे. वस्ती साफ झाली की भाडी चढतात, आणि ज्यांनी वर्षानुवर्षं ती घाण सोसली त्यांनाच घर सोडावं लागतं. म्हणून रहिवाशांना नुसतं बैठकीला बोलावून भागत नाही, जमिनीवर त्यांचा ताबा हवा.

अमेरिकेतल्याच बॉस्टन शहरातला डडली स्ट्रीट हा गरीब भाग घ्या. घरं जळून प्लॉट मोकळे पडले होते. बाहेरचे ट्रक येऊन तिथे कचरा, अगदी सडकं मांससुद्धा टाकून जायचे. १९८४ मध्ये रहिवाशांची संघटना उभी राहिली. तिने आधी बेकायदा कचराकेंद्रं बंद पाडली, आणि १९८८ मध्ये पडीक जमिनी संपादित करायचा अधिकारच मिळवला. आज त्या जमिनींवर जमीन संघटनेच्या ट्रस्टची आणि घर कुटुंबाचं. विकताना किमतीवर मर्यादा असते.

पाऊलखुणा
त्या मर्यादेलाच माझा विरोध आहे. श्रीमंताचं घर दुप्पट किमतीला गेलं तर ती त्याची कमाई. मग गरिबाने पुढच्या खरेदीदाराच्या सोयीसाठी आपल्या घराचा भाव का बांधून घ्यायचा? मुलांच्या शिक्षणाला तोच पैसा लागतो.

वाटसरू
हा प्रश्न रास्त आहे, मला टोचतोही. पण त्या मर्यादेशिवाय ते घर त्याला परवडलंच नसतं. एकाने बाजारभावाने विकलं की त्याच्यासारख्या दुसऱ्याला ते कायमचं बंद.

उंबरठा
‘रहिवासी’ म्हणजे नेमके कोण, हे आधी ठरवा. बैठकीला मोकळा वेळ असलेलेच येतात. रात्रपाळीवाले, भाडेकरू, एकट्या आया घरीच राहतात. शेवटी चार दांडगे निर्णय घेतात.

वाटसरू
डडलीतही पहिल्या आराखड्यात संघटनेच्या संचालक मंडळावर रहिवासी मूठभरच होते. लोकांनी भर सभेत आयोजकांना विचारलं, तुमच्यापैकी इथे राहतं कोण? मग रचना बदलली. कृष्णवर्णीय, लॅटिनो (मूळचे लॅटिन अमेरिकेतले), केप व्हर्डियन (आफ्रिकेजवळच्या केप व्हर्ड बेटांवरचे) आणि गोरे, या चारही गटांना सारख्या जागा मिळाल्या.

उंबरठा
जागा वंशानुसार वाटल्या, भाडेकरूंचं काय? आणि तुमची संघटना उभी राहीपर्यंत शिशाच्या मातीत खेळणारं पोर थांबत नाही. माती आज उचला, मालकीचं नंतर बघू.

वाटसरू
माती आजच उचला, पण त्याच आदेशात भाडेवाढ रोखा. ‘नंतर बघू’ म्हणेपर्यंत त्या पोराचं कुटुंब तिथून गेलेलं असतं.