लवाद की मध्यस्थ?

केळीवाला, रावेर: पोराच्या लॉ कॉलेजात, जळगावला, तंटे मिटवण्याच्या पद्धतींवर बाहेरच्या एका अभ्यासकांचं व्याख्यान झालं. पोरगं म्हणतं, लवाद वेगळा आणि मध्यस्थ वेगळा. माझ्या व्यापाऱ्याच्या करारात तर ‘मध्यस्थाचा निर्णय अंतिम’ असं छापलंय. मग हा कोण?

वकीलताई, जळगाव: नाना, हा लवादच. मसुदा हिंदीवरून उचललेला दिसतो. हिंदीत १९९६ च्या लवाद कायद्याचं नाव ‘माध्यस्थम् और सुलह अधिनियम’, आणि २०२३ चा ‘मध्यस्थता अधिनियम’ मात्र समेट घडवण्याचा. तिकडचा गोंधळ आपण कशाला घ्यायचा? मध्यस्थ दोघांना वेगवेगळं बसवून ऐकून घेईल, पण केळीच्या घडाच्या दांड्याचं वजन किती वजा करायचं हे तुम्ही नि व्यापाऱ्यानेच ठरवायचं. नाही जमलं तर तो मोकळा. लवाद आकडा लिहून खाली सही करतो. मग पटो न पटो, वसुली हुकूमनाम्यासारखी. लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली तीन महिन्यांत कोर्टात जाता येतं, पण ‘भाव कमी धरला’ एवढ्यावर निवाडा रद्द होत नाही.

धडगावकर: लवाद म्हणजे दोघांनी राजीखुशीने नेमलेला ना? मग नर्मदा पाणी तंटा लवादाचं काय? १९६९ ला नेमला, १९७९ ला निवाडा. नर्मदेवरच्या धरणात आमची अक्राणी-अक्कलकुव्याची गावं बुडाली, त्यांना कोणी विचारलं होतं?

वकीलताई: नाही विचारलं. तो राज्याराज्यांतल्या नद्यांच्या पाणीतंट्यांसाठीच्या १९५६ च्या कायद्याखाली केंद्राने नेमलेला, आणि पक्षकार राज्यं. खरं तर ते न्यायाधिकरण, पण पेपरवाल्यांनी ‘लवाद’ रूढ केलं.

गुरुजी, अमळनेर: ‘पंच’ राहिला की! पारावरचा पंच निर्णय देतो, पंचनाम्यातला पंच नुसता साक्षीदार. लोकअदालतीत कोण बसतं मग?

वकीलताई: तिथलं पॅनेल तडजोड करून देतं. दोघे राजी नसतील तर प्रकरण परत कोर्टात. म्हणून ‘लोकअदालतीने निकाल दिला’ हे ढिलं मराठी, गुरुजी. तडजोड झालीच तर मात्र तिच्यावर अपील नाही आणि कोर्ट फी परत मिळते.

केळीवाला: बरं ताई, करारात काय लिहू?

वकीलताई: ‘लवाद’ लिहा, आणि त्याला दोघांच्या संमतीने नेमायचं हेही लिहा. व्यापारी म्हणेल, आमचे मुनीमजी आहेत ना. २०१५ च्या दुरुस्तीपासून पक्षकाराच्या नोकराला लवाद होता येत नाही. वाद उभा राहिल्यावर तुम्हीच लेखी सूट दिलीत तर गोष्ट निराळी, तेव्हा तसल्या कागदावर सही करू नका.