तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण "तात्पुरतं" बंद केलंय, परत सुरू करायला काय करावं?

घाटाखालची:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज लिहायची वेळ आली. आमचा तालुका कोकणातला, घाटाखालचा, नाव मुद्दाम देत नाही कारण तिथल्या सिस्टरना उगाच त्रास नको, त्यांची काही चूक नाहीये. आमच्याकडे ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय आहे. माझा जन्म तिथलाच आणि माझी दोन्ही मुलंही तिथेच झालीत. गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर लेबर रूमच्या दारावर कागद लागला, "प्रसूती विभाग तात्पुरता बंद आहे", खाली ना सही ना तारीख. तो कागद आता पिवळा पडलाय पण दार काही उघडलं नाही.

माझ्या धाकट्या जावेचं सांगते म्हणजे कळेल. दुसरं बाळंतपण, नागपंचमीच्या आदल्या रात्री दीड वाजता कळा सुरू झाल्या. १०८ ला फोन केला, गाडी शेजारच्या तालुक्यातून यायची होती, ती येईपर्यंत अडीच. आधी आमच्याच दवाखान्यात नेलं, तिथे बीपी बघितलं आणि रेफरची चिठ्ठी हातात दिली. जिल्ह्याचं हॉस्पिटल ६२ किलोमीटर. वीसेक किलोमीटर गेलो असू, गाडी बाजूला घ्यावी लागली आणि गाडीतच बाळ झालं. दुपटं पिशवीच्या अगदी तळाला गेलेलं, सापडेना, सासूबाईंनी खांद्यावरचा टॉवेल पुढे केला तर गाडीतले डॉक्टर म्हणाले, आजी ओलं नको, आणि त्यांनी कपाटातून कोरडी चादर ओढून काढली. त्या माणसाचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण जावेचं रक्त थांबत नव्हतं आणि पुढचे चाळीस किलोमीटर मी तिचं पोट डॉक्टर सांगतील तसं चोळत होते आणि बाहेर पाऊस असा की समोरचा रस्ता दिसत नव्हता. दोघं बरी आहेत. पण प्रत्येकीचं असंच नीट होईल असं कोण सांगणार?

नंतर बाळाच्या लसीला गेले तेव्हा लेबर रूमचं दार अर्धवट उघडं होतं. टेबलावर सलाईनचे खोके रचलेत, त्यावर पोलिओचे जुने बॅनर, आणि बाळाला ऊब देणारं मशीन प्लास्टिक घालून कोपऱ्यात. मशीन आहे, टेबल आहे, खोली आहे.

ऑफिसात विचारलं तर आधी म्हणाले डॉक्टर मिळत नाहीत. परवा गेले तर म्हणतात, "ताई इथे आता डिलिव्हऱ्याच होत नाहीत, आकडे बघा, मग पोस्ट कशाला भरतील?" अहो तुम्हीच दार बंद केलंत मग डिलिव्हऱ्या होणार कुठून! तेव्हापासून डोकं शांत नाही.

तहसीलदारांना दोनदा निवेदन दिलं, शिक्का मारून पोच मिळाली, बाकी काही नाही. गावातली पोरं म्हणतात दवाखान्याला टाळं ठोकू. कोणी असं काही लढलंय का? सुरुवात कुठून करायची?

सिस्टर_निवृत्त:

ताई, आधी जावेला आणि बाळाला आशीर्वाद. मी ३१ वर्षं सरकारी नोकरी केली, त्यातली जास्त लेबर रूममध्येच गेली.

टाळं ठोकू नका. टाळं लागलं की दुसऱ्या दिवशी पेपरात तुमच्या पोरांचे फोटो येतील आणि बाळंतपणाचा विषय बाजूला पडेल. वर साप चावलेला माणूस दारात आला तर काय करणार.

दुसरं, तुम्ही निवेदन चुकीच्या दारात दिलंय. तहसीलदार ते फक्त पुढे ढकलतो. ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखाली येतं, ज्यांना आपण सिव्हिल सर्जन म्हणतो. प्राथमिक आरोग्य केंद्र असतं ते जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे. लोक इथेच गोंधळतात आणि मग हा म्हणतो माझ्याकडे नाही, तो म्हणतो माझ्याकडे नाही. सिव्हिल सर्जनच्या वर आरोग्य उपसंचालक, रत्नागिरी-सिंधुदुर्गसाठी ते कोल्हापूरला बसतात. प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या, कारण बाळंतपणात बाई दगावली तर त्याची चौकशी शेवटी त्यांच्यापर्यंत जाते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आशाताईंना धरा. कुठली बाई कितव्या महिन्यात, कुठे बाळंत झाली, कुठे पाठवली, सगळं त्यांच्या वहीत असतं. त्यांना उघडपणे पुढे करू नका, मानधनावर काम करतात, त्यांच्यावर राग निघेल. पण गावागावात बायका स्वतः सांगतील. एक साधी वही करा. तारीख, गाव, कळा कधी सुरू झाल्या, गाडी कधी आली, बाळ कुठे झालं, पदरचे किती पैसे गेले. नावं वहीत ठेवा, बाहेर देताना काढून द्या. पन्नास बायकांची अशी वही साहेबांच्या टेबलावर ठेवली की "इथे डिलिव्हऱ्या होत नाहीत" हे वाक्य त्यांना परत बोलता येणार नाही.

पैशांचं विचारताना एक लक्षात ठेवा. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे, त्यात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण, घरून नेणं, एका दवाखान्यातून दुसऱ्यात नेणं आणि परत घरी सोडणं, सगळं फुकट आहे. परत सोडायला गाडी मिळाली नाही म्हणून कोणी जीप केली असेल तर तेही लिहून घ्या. मी ड्यूटीवर असताना ओली बाळंतीण एसटी स्टँडवर बाळ घेऊन बसलेली बघितलीय, ते अजून डोळ्यासमोरून जात नाही.

कागदी_वाघ:

सिस्टरबाईंशी शंभर टक्के सहमत. माझा भाग माहिती अधिकाराचा. १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा, ३० दिवसात उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर त्याच ऑफिसातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील. "बाळंतपण का बंद केलं" असं विचारू नका, का विचारलं की उत्तर टाळतात. कागद मागा. बंद करण्याच्या लेखी आदेशाची प्रत मागा, माझा अनुभव असा की बऱ्याचदा असा आदेशच नसतो, आणि "आदेश नाही" हे लेखी मिळालं की तुमचं अर्धं काम झालं कारण मग बंद केलं कोणी? मंजूर पदं किती, भरलेली किती, रिकामी कधीपासून, कोण प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे पाठवलंय, हे मागा. हा प्रतिनियुक्तीचा मुद्दा विसरू नका, कागदावर डॉक्टर तुमच्याकडे असतो, पगारही तिथूनच निघतो आणि माणूस प्रत्यक्षात जिल्ह्याच्या गावी काम करतो. शेवटी गेल्या पाच वर्षांचे महिन्यावार डिलिव्हरीचे आकडे आणि रेफरचं रजिस्टर मागा. बंद व्हायच्या आधीचे आकडे हेच तुमचं खरं हत्यार आहे.

सोबत ग्रामसभांचे ठराव घ्या, जितक्या गावांचे होतील तितके. पक्षाच्या बॅनरखाली जाऊ नका पण सगळ्या पक्षांकडे जा, आमदाराला अधिवेशनात प्रश्न टाकायला सांगा, विधानसभेत प्रश्न लागला की खात्याला लेखी उत्तर करावंच लागतं.

कोकणात हे नवीन नाही. २०१८ ला गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात गोव्याबाहेरच्या पेशंटला फी लावली तेव्हा दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले होते. तेव्हा तिथली मूळ मागणीही हीच होती, आमचा आमच्या तालुक्यातला दवाखाना धड करा म्हणजे आम्हाला दुसऱ्या राज्यात जावं लागणार नाही.

डॉ_स्त्रीरोग:

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, बाँडचं वर्ष, म्हणजे शिक्षणानंतरची सक्तीची सरकारी सेवा, अशाच एका ग्रामीण रुग्णालयात काढलंय. थोडं कडू वाटेल पण लिहिते.

सगळेजण मागणी करतात "डॉक्टर द्या". एक डॉक्टर देऊन चालत नाही हो. मी एकटी होते. भूलतज्ज्ञ नाही, रक्त साठवायचा फ्रीज होता पण परवाना नाही, त्यामुळे त्यात रक्त नाही. रात्री अडलेली बाई आली की मला सिझेरियन येत असूनही करता येत नव्हतं, मी पण चिठ्ठीच लिहायची. आणि नातेवाईक माझ्यावर ओरडायचे, एकाने हात उगारलेला. एका रात्री बाळ झाल्यावर बाईला रक्तस्राव सुरू झाला, इंजेक्शनं दिली, दोन्ही हातांनी गर्भाशय दाबून धरलं आणि तसंच अँब्युलन्समध्ये चढले, पूर्ण रस्ता हात काढला नाही. ती वाचली. वर्ष संपल्यावर मला कोणीच थांबवू शकलं नाही, मी थांबलेच नसते. तुमच्या इथून गेलेल्या डॉक्टरवर राग धरू नका एवढीच विनंती.

म्हणून मागणी नीट दोन भागात करा. पहिला भाग, नॉर्मल बाळंतपण लगेच सुरू करा. नॉर्मल बाळंतपणाला स्त्रीरोगतज्ज्ञ लागतच नाही, ट्रेनिंग घेतलेली स्टाफ नर्स आणि एमबीबीएस मेडिकल ऑफिसर पुरतात, प्राथमिक आरोग्य केंद्रात तेच तर करतात. मग ३० खाटांच्या रुग्णालयात का बंद? याला कुणाकडे धड उत्तर नसेल. घाटाखालची ताई, तुमच्या जावेला दुसरी खेप होती आणि बीपी ठीक होतं तर रात्री अडीचला तिला पुढे पाठवण्यात धोका जास्त होता, गाडीत होणारच होतं ते.

दुसरा भाग सिझेरियनचा. यात स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रक्त साठवण केंद्र तिन्ही एकत्र मागा, एक कमी पडलं की बाकी दोन वाया. भूलतज्ज्ञ कायमचा मिळत नसेल तर खाजगी भूलतज्ज्ञाला केसप्रमाणे बोलवायची तरतूद सरकारी योजनेत आहे, त्याचे पैसे वेळेवर मिळत नाहीत म्हणून ते येत नाहीत. ती बिलं किती थकलीत ते माहिती अधिकारात विचारा.

आणि तोवर गावात बायकांना सांगा, आधीचं सिझेरियन, जुळं, पायाळू, बीपी, अंगात रक्त फार कमी अशी कोणी असेल तर तिने कळांची वाट बघू नये, तारखेच्या आठवडाभर आधीच जिल्ह्याच्या गावी नातेवाइकाकडे जाऊन राहावं. आंदोलन चालू असताना बाळंतपणं थांबत नाहीत.

थेम्सकाठची_मिडवाईफ:

मी मूळची चिपळूणची, आता इंग्लंडात ऑक्सफर्डच्या बाजूला राहते. तुमचा "तात्पुरतं" शब्द वाचून थांबलेच. इथे बॅनबरी गावात हॉर्टन नावाचं हॉस्पिटल आहे. तिथला डॉक्टरी बाळंतपणाचा विभाग हलवायचा बेत आधीही झाला होता, लोक लढले आणि २००८ मध्ये सरकारने नेमलेल्या पॅनेलने तो फेटाळला. मग २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये डॉक्टर पुरेसे मिळत नाहीत म्हणून तो तात्पुरता बंद केला, फक्त मिडवाईफवर चालणारं छोटं युनिट ठेवलं, अडचणीची बाई असेल तर ऑक्सफर्ड, साधारण ३५ किलोमीटर. आणि २०१९ ला तेच कायमचं ठरवून टाकलं. लोकांनी खूप प्रयत्न केले, ट्रॅफिकमध्ये खरंच किती वेळ लागतो याचे आकडे गोळा केले कारण कागदावर अंतर कमीच दिसतं. म्हणून सांगते, आजच लेखी तारीख मागा, कधी सुरू करणार. तारीख नसलेलं तात्पुरतं मान्य करू नका.

पण जिंकल्याचंही उदाहरण आहे. लंडनमध्ये लुईशम हॉस्पिटलची इमर्जन्सी आणि बाळंतपण कमी करायचं ठरलं होतं, तेही स्वतःच्या चुकीने नाही, शेजारच्या हॉस्पिटलांचं कर्ज झालं म्हणून. २०१३ च्या जानेवारीत हजारो लोक थंडीत रस्त्यावर आले, डॉक्टर, नर्स, लेकुरवाळ्या बायका, सगळे. कोर्टात गेले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये हायकोर्टाने सांगितलं की मंत्र्याला हा अधिकारच नव्हता, ऑक्टोबरमध्ये अपीलातही तेच झालं. तिथे हॉस्पिटलचे डॉक्टर लोकांच्या बाजूने उभे होते, म्हणून वरच्या डॉक्टरबाईंचं म्हणणं मला फार पटलं, आतल्या माणसांना शत्रू करू नका.

घाटाखालची:

सगळ्यांचे खूप खूप आभार, काल रात्री हे सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. डॉक्टर मॅडम, तुमचं वाचताना जाऊ रडली, म्हणाली मला रेफर केलं त्या सिस्टरचे पण हात थरथरत होते, मला तेव्हा तिचा राग आलेला.

टाळ्याचा विषय बंद केलाय, पोरांना वहीचं काम दिलंय. शाळेतली २०० पानी वही घेतली, सिस्टरबाईंनी सांगितले तसे रकाने आखले. चार दिवसात तीन वाड्यांतल्या १७ बायकांचं लिहून झालं. त्यातल्या चौघींचं वाटेत झालंय, एकीचं टमटममध्ये. एक बाई बोलायलाच तयार नव्हती, तिचं बाळ राहिलं नाही. तिच्या नावापुढे आम्ही फक्त तारीख लिहिली.

माहिती अधिकाराचा अर्ज आज टाकला, सिव्हिल सर्जनच्या ऑफिसला रजिस्टर पोस्टाने. पुढच्या सोमवारी आमच्या गावची ग्रामसभा आहे, ठरावात पहिली ओळ हीच घालणार, नॉर्मल बाळंतपण कुठल्या तारखेपासून सुरू करणार ते लेखी द्या. कागदी वाघ दादा, ठरावाची भाषा कशी असते, तुमच्याकडे जुना नमुना असेल तर इथे टाकाल का? बाकीच्या गावांना पण तोच देता येईल, निदान अकरा ग्रामपंचायती होतील असं वाटतंय.