सल्ला हवा: अपघात क्लेम शिकायला कोर्स कुठला? (बजेट १०,०००, मुक्काम चोपडा)

चोपड्याची_वकील
नमस्कार. चोपड्याला दिवाणी प्रॅक्टिस करते. आजवर वाटपाचे दावे, मनाई हुकूम, बांधाची भांडणं हेच जास्त. आता अपघाताचे दोन क्लेम आलेत. पहिला केळीच्या ट्रकवरच्या ड्रायव्हरचा, समोरून आलेल्या गाडीने ठोकलं, गुडघा आता वाकत नाही. दुसरा मयताचा: वय ३४, महिना १५,००० कमाई, मागे बायको, दोन मुलं, आई. दोन्ही घरं हातावर पोट असलेली. मला नीट येत नाही म्हणून त्यांना एक रुपयाही कमी मिळालेला चालणार नाही. सनद मिळाल्यावर पुढे शिका म्हणून आपल्याकडे सक्ती नाही, तेव्हा स्वतःच शोधतेय. खर्च १०,००० पर्यंत, चालू कोर्टात जळगावच्या पलीकडे जाता येणार नाही. कोणता कोर्स, कोणाचा वर्ग? स्वतःचा अनुभव सांगा.

गिरणाकाठ
ताई, सरळ एलएलएम करा. मी प्रॅक्टिस सांभाळून केलं. खर्च तुमच्या आकड्याच्या वर जाईल, पण शिक्षणात पैसा बघू नये. नावापुढे पदवी लागली की पक्षकारही वेगळ्या नजरेने बघतो.

साक्री_रोड
एलएलएममध्ये क्लेम चालवायला कोण शिकवतं भो? आणि ऑनलाइनच्या नादीही लागू नका. मी एका संस्थेचा शनिवार-रविवारचा कोर्स घेतला होता. मोटार वाहन कायद्याचं कलम १६६ वाचून दाखवलं, कलम १६८ वाचून दाखवलं, शेवटी टिकमार्कची परीक्षा आणि रंगीत प्रमाणपत्र. विमा कंपनीच्या साक्षीदाराचा उलटतपास कसा घ्यायचा यावर चकार शब्द नाही. पैसे भरण्याआधी दोनच गोष्टी विचारा: शिकवणाऱ्याने स्वतः मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे (हे क्लेम तिथेच चालतात) साक्षी घेतल्यात का, आणि आपला मसुदा तपासून देणार का. यावर गप्प बसले तर पैसे भरू नका.

तापी_पूर्णा
कोर्स कशाला? सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) हे सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल वहीत उतरवून काढा. मॅडमचाच मयताचा क्लेम घ्या. वर्षाचे १,८०,०००. नोकरी कायम नाही, वय ४० च्या आत, म्हणून भविष्यातली वाढ ४० टक्के: २,५२,०००. चार अवलंबित, स्वतःवरचा खर्च एक चतुर्थांश वजा: १,८९,०००. वय ३१ ते ३५ ला गुणक, म्हणजे वर्षाच्या रकमेला गुणायचा आकडा, १६. झाले ३०,२४,०००. ती ४० टक्के वाढ धरली नाही तर २१,६०,००० वर थांबाल. म्हणजे ८,६४,००० चा फरक, तोही एका ओळीने. त्यावर अंत्यविधी आणि मालमत्तेचं नुकसान प्रत्येकी १५,०००, सहवास गमावल्याचे ४०,०००, दर तीन वर्षांनी या रकमांत १० टक्के वाढ. मॅग्मा जनरलच्या निकालानंतर (२०१८) सहवासाची रक्कम मुलांना आणि आईवडिलांनाही मिळते, ती मागायला विसरू नका.

यावल_नाका
तापी_पूर्णा बोलले तेच. सरला वर्मा, प्रणय सेठी. आमच्या क्लेममध्ये मागितलं त्याहून जास्त मिळालं! नागप्पा निकाल (२००३) दाखवला, न्यायाधिकरणाला योग्य वाटेल ती भरपाई देता येते, मागणीच्या आकड्याचं बंधन नाही. अख्ख्या बारमध्ये चर्चा झाली होती.

धुळे_कोर्टगल्ली
हिशोब राहू द्या बाजूला, मुदत बघा आधी! २०१९ च्या दुरुस्तीने कलम १६६(३) मध्ये क्लेम दाखल करायला अपघातापासून सहा महिने आलेत, १ एप्रिल २०२२ पासून लागू.

गिरणाकाठ
क्लेमला मुदत नसते. १९९४ लाच काढली.

धुळे_कोर्टगल्ली
१९९४ ला काढली, आता परत आणली. सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलंय ते खरं, पण त्या भरवशावर पक्षकाराला बसवून ठेवायचं का?

गिरणाकाठ
पोलिसांचा सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे गेला की तोच अर्ज धरतात, कलम १६६(४) वाचा.

धुळे_कोर्टगल्ली
वाचलंय. गोहर मोहम्मद निकालात (२०२२) त्या अहवालावर भर आहे, पण तो वेळेत गेला की नाही हे ठाण्यात जाऊन कोण बघणार? वकीलच ना?

शहादेकर
मला विजेच्या शॉकचं विचारायचंय. शेतात तार तुटून बैल आणि सालदार दोन्ही गेले. हेही अपघातच की. हे कुठे शिकवतात?

तापी_पूर्णा
शहादेकर, ते मोटार न्यायाधिकरणात येत नाही. सालदारासाठी दिवाणी दावा, प्राणघातक अपघात कायदा १८५५. शैलकुमारी निकाल (२००२) वाचा, वीज मंडळाचा हलगर्जीपणा सिद्ध करायची गरज नाही, जबाबदारी येतेच. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

नाना_अमळनेर
चोपडेकर ताई, तुमच्या ड्रायव्हरच्या क्लेमबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. जखमीचा क्लेम मयताच्या क्लेमपेक्षा अवघड असतो. राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०११) सावकाश वाचा. डॉक्टर दाखल्यावर पायाचं ४० टक्के अपंगत्व लिहितात. तो आकडा पायाचा, कमाईचा नव्हे. गुडघा वाकत नसेल तर क्लच कसा दाबणार? ट्रक ड्रायव्हर म्हणून त्याची कमाई किती टक्के गेली, हे तुम्ही सिद्ध करायचं. त्यासाठी डॉक्टरांना साक्षीला आणावंच लागतं, नुसता दाखला लावून भागत नाही.

अजून एक. समोरच्या गाडीची चूक सिद्ध होण्यात अडचण दिसत असेल तर मालकाविरुद्ध कर्मचारी भरपाई आहे (पूर्वी १९२३ चा कायदा, नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता), तिथे चूक कोणाची हा प्रश्न येत नाही. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १६७ प्रमाणे दोन्हीकडे मागता येत नाही, एकच दार निवडावं लागतं. पंचनामा आणि नकाशा नीट बघून मग ठरवा.

पैसे खर्चू नका. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल त्यांच्याच ई-एससीआर या संकेतस्थळावर फुकट आहेत, काहींचं मराठी भाषांतरही आहे. आणि ज्यांचा क्लेम साक्षीला लागलाय अशा सीनिअरच्या मागे बसा. मी तसंच शिकलो.

यावल_नाका
नानांना अनुमोदन. राजकुमार निकाल मीही सांगणारच होतो.

साक्री_रोड
सीनिअरच्या मागे बसा म्हणणं सोपं आहे नाना. बाई वकिलाला फाईल दाखवणारे किती? माझ्या बहिणीला ज्युनिअरशिपमध्ये तारखा मागायलाच पाठवायचे. शिकवणारा सीनिअर नशिबाने भेटतो. म्हणूनच लोक कोर्सकडे वळतात.

नाना_अमळनेर
हे खरं आहे, नाकारत नाही. ताई, माझ्या निकाली फाईली बघायला अमळनेरला या. पक्षकारांना विचारून ठेवतो.

फैजपूर_ॲड
पुरावा कायदा नव्याने शिका, तो दोन्ही क्लेमला लागेल. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम. ढाब्याच्या सीसीटीव्हीचं फुटेज किंवा मोबाइलचा व्हिडिओ आणणार असाल तर कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं, आता त्याचे दोन भाग, दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा. आमच्याविरुद्ध एकांनी नुसता पेनड्राइव्ह ठेवला, आम्ही हरकत घेतली आणि तो पुराव्यात आलाच नाही. फुटेज पुसलं जायच्या आत पोलिसांना लेखी अर्ज द्या.

चोपड्याची_वकील
सगळ्यांचे आभार. धुळे_कोर्टगल्लींचं वाचून सकाळीच दोन्ही तारखा तपासल्या. मयताच्या क्लेमला सहा महिने पुरे व्हायला थोडेच दिवस आहेत, तो याच आठवड्यात दाखल करतेय. नाना, फाईली बघायला शनिवारी नक्की येते.

कोर्सचं मात्र वेगळंच ठरवलंय. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलचा वैद्यकीय कायदा आणि नीतिशास्त्र हा दूरशिक्षण डिप्लोमा घेतेय. बजेट ओलांडतंय, इंग्रजीत आहे, तरी घेतेय. निकाल फुकट वाचता येतात, हिशोब तापी_पूर्णांनी इथेच शिकवला. पण डिस्चार्ज कार्ड आणि डॉक्टरांचे कागद समोर आले की मी अडते. डॉक्टर साक्षीला उभे राहिल्यावर त्यांना काय विचारायचं हे मला त्यांच्या बाजूने समजून घ्यायचंय. आपल्या भागात हायवेवर रोज माणसं जखमी होतात, हे काम मला पुढची वीस वर्षं करायचंय.

गिरणाकाठ
तो डिप्लोमा डॉक्टर लोक करतात. वकिलाने एलएलएमच करावं.

नाना_अमळनेर
माझ्या मते पैसे जास्त जाताहेत, पण तुमचा निर्णय. शनिवारी येताना ड्रायव्हरचं डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि लायसन्सची प्रत आणा. प्रश्नावली तिथेच काढू.

शहादेकर
धागा काढलाय, तापी_पूर्णा. तिकडे या.