मदत हवी आहे: कॉम्प्युटरचं कॅबिनेट कोणतं घ्यावं? नवं कार्ड मावत नाही आणि जुनंच तापतंय

रिकामाखण

मंडळी, नवं ग्राफिक्स कार्ड (आरटीएक्स ४०७० टीआय सुपर, तीन फॅनवालं) येऊन चार दिवस झाले आणि अजून खोक्यातच आहे. कारण ते माझ्या कॅबिनेटमध्ये मावत नाही. कार्ड 336 मिमी लांब. माझ्या कॅबिनेटमध्ये मागच्या पट्टीपासून हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत जागा 310. पिंजरा रिव्हेटने ठोकलेला, काढता येत नाही.

बाकी सामान असं: मायक्रो एटीएक्स (लहान आकाराचा) मदरबोर्ड, रायझन ७ ५७००एक्स प्रोसेसर, त्यावर 158 मिमी उंच टॉवर कूलर, 750 वॅटचा एसएमपीएस (सगळ्यांना वीज पुरवणारा डबा), आणि 3.5 इंची दोन हार्ड डिस्क. त्या डिस्क हव्याच आहेत, घरातले सगळे फोटो त्यांवर आहेत. सध्याचं कार्ड ३०६० टीआय.

दुसरी तक्रार तापमानाची. गेम सुरू केला की पंधरा मिनिटांत कार्ड 82 अंशांवर जातं आणि फॅन असे ओरडतात की हेडफोन घालूनही ऐकू येतं. कॅबिनेटचं पुढचं पॅनेल काळं, गुळगुळीत, सबंध बंद. हवा आत यायला कडेला बोटभर फट आहे तेवढीच. घेतलं तेव्हा फार देखणं वाटलं होतं.

एक कॅबिनेट मनात भरलंय. पुढे काच, कडेला काच, फॅनमध्ये दिवे. माहितीपत्रकात 'ग्राफिक्स कार्ड 360 मिमीपर्यंत' असं लिहिलंय, म्हणजे 24 मिमी शिल्लक. घेऊन टाकू का?

जुनाजोडारी

थांबा. ते 360 फॅन लावून की न लावता? माहितीपत्रकात खाली बारीक अक्षरांत बघा. बरेच उत्पादक मोकळ्या डब्याचं माप देतात. पुढे फॅन लावला की त्याची 25 मिमी जाडी त्यातूनच जाते.

रिकामाखण

बघितलं. 'पुढे फॅन नसताना' असं लिहिलंय.

360 वजा 25 म्हणजे 335. कार्ड 336.

एका मिलिमीटरने वाचलो की हो.

जुनाजोडारी

वाचलात. आणि पुढे कधी लिक्विड कूलरचा रेडिएटर लावायचं ठरवलंत तर 27 मिमी रेडिएटर अधिक 25 मिमी फॅन, म्हणजे 52 मिमी वजा. छापलेल्या आकड्यातून आपल्या सामानाची जाडी वजा करायची आणि मग उरलेल्या जागेला जागा म्हणायचं.

लांबी सगळेच बघतात, रुंदीत लोक फसतात. तुमच्या कार्डाला 16 पिनांची वीजकेबल लागते. ती कनेक्टरपासून निदान 35 मिमी सरळ जाऊ द्यावी, त्याआधी वाकवू नये. नाहीतर कनेक्टर तिरका बसतो आणि पिना तापतात. तेव्हा कार्ड बोर्डापासून काचेच्या दिशेने किती बाहेर येतं ते मोजा, त्यात 35 मिळवा. हा आकडा कूलरसाठी दिलेल्या कमाल उंचीशी ताडून बघा. दोन्ही मापं अगदी एकाच जागेवरून घेतलेली नसतात, पण काच दाबून लावावी लागणार का याचा अंदाज येतो.

मदरबोर्डाची चिंता नको. मायक्रो एटीएक्स 244 बाय 244 मिमी असतो, एटीएक्सच्या (305 बाय 244) कॅबिनेटमध्ये आरामात बसतो. फक्त बोर्डाखालचे पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर टेकतो ते छोटे खांब) बघून घ्या. ज्या जागी बोर्डाला भोक नाही तिथला स्टँडऑफ काढून टाकायचा, नाहीतर तो मागून टेकून शॉर्ट होऊ शकतो.

पंखापुराण

मला वेगळीच शंका येतेय. कॅबिनेट ठेवलंय कुठे?

रिकामाखण

टेबलाखालच्या कोनाड्यात. टेबलातच केलेला आहे तो. रुंदी 260 मिमी, उंची 520, खोली 500. मागून फळी, तिला वायरींपुरतं गोल भोक. का?

पंखापुराण

मग खरेदीच्या आधी एक उद्योग करा. एकच गेम, त्यातला एकच प्रसंग, अर्धा तास. खोलीचं तापमान लिहून ठेवा. एकदा आहे तसं. एकदा कोनाड्यातच, पण पुढचं पॅनेल काढून. मग डबा बाहेर ओढून पॅनेलसकट, मग बाहेरच पॅनेल काढून. शेवटी कडेचं झाकणही उघडून. सगळं उघडूनही तापमान उतरलं नाही तर दोष कॅबिनेटचा नाही. कार्डावर साचलेली धूळ किंवा चिप आणि कूलर यांच्या मधली वाळलेली पेस्ट बघावी लागेल.

आणि कोनाड्यात असताना टिश्यू पेपरची एक पट्टी घेऊन डबा आणि भिंत यांच्या मधल्या फटीत धरा. ती कुठल्या बाजूला उडते ते सांगा.

काचमहाल

एवढं संशोधन कशाला? माझं कॅबिनेट पुढून काचेचंच आहे, पाच वर्षं बिनतक्रार चालू आहे. दिवसभर काम करायचं तर दिसायला चांगलं नको?

पंखापुराण

काचेला विरोध नाही हो. कडेची काच काहीच अडवत नाही. पुढच्या काचेमागे दोन बोटं मोकळी जागा आणि कडेला रुंद फटी असतील तर तीही चालते. तुमचं कार्ड किती वॅटचं आहे यावर सगळं आहे. यांचं सध्याचं 200 वॅटचं, येणारं 285 वॅटचं. दोनशे वॅटला घाम फुटतोय तिथे आणखी 85 वॅट ओतायचे आहेत.

रिकामाखण

केला उद्योग. खोली 28 अंश. कार्डाचं तापमान देतो.

कोनाड्यात, सगळं बंद: 82. कोनाड्यात, पुढचं पॅनेल काढून: 77. बाहेर ओढून, पॅनेलसकट: 74. बाहेर, पॅनेल काढून: 68. वर कडेचं झाकणही उघडलं: 67.

मी तर सगळा दोष पॅनेलला देत होतो. कोनाडा त्याच्याही पुढे निघाला!

आता पट्टीची गंमत. डब्याच्या बाजूला फटीत धरली तर ती पुढे उडाली, माझ्याकडे. हात लावून पाहिला, तिथून गरम हवा येत होती. आणि तीच पट्टी पुढच्या पॅनेलच्या कडेला नेली तर फटीला जाऊन चिकटली.

पंखापुराण

बस्स, कळलं. मागच्या फॅनने टाकलेली गरम हवा फळीवर आदळते, बाजूने वळून पुढे येते आणि पुढचे फॅन तीच परत आत घेतात. तुमचं मशीन स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा ओढतंय. अशा जागी कितीही महागडं जाळीचं कॅबिनेट ठेवलं तरी तुम्ही त्या 77च्या आसपास राहाल, आणि तेही जुन्या कार्डावर.

तुमचा शेवटचा आकडाही कामाचा आहे. पुढचं पॅनेल गेल्यावर कडेचं झाकण उघडून जेमतेम एक अंशाचा फरक पडला. म्हणजे कार्डाच्या कूलरला काही झालेलं नाही आणि मागचा फॅन आपलं काम करतोय. पुढून हवा मिळाली की पुरे.

जुनाजोडारी

मागची फळी कशी बसवली आहे? स्क्रूवर असेल तर काढूनच टाका. नसेल तर डबा टेबलावर ठेवा.

आता कॅबिनेट. पुढे जाळी, तळाशी एसएमपीएसला वेगळा कप्पा आणि डिस्कचा पिंजरा त्या कप्प्यात, म्हणजे कार्डाच्या वाटेत काही येणार नाही. या चौकटीत दोन नावं सुचतात. फ्रॅक्टल नॉर्थ: पुढचा फॅन धरून 355 मिमी कार्ड, कूलर 170 मिमीपर्यंत, पुढे लाकडी पट्ट्या, दिसायला झकास. लियान ली लॅनकूल २१६: कार्ड 392, कूलर 180.5, पुढे 160 मिमीचे दोन मोठे फॅन सोबतच येतात. मोठा फॅन कमी फेऱ्यांत तेवढीच हवा ढकलतो, त्यामुळे आवाज कमी. 160चा फॅन बिघडला तर तसाच मिळवायला वेळ लागेल, पण त्या जागी 140चे बसतात.

रिकामाखण

फळी सहा स्क्रूवर होती, निघाली. मागे भिंतीपर्यंत वीतभर मोकळी जागा आहे.

मोजलं. कार्ड 140 मिमी बाहेर येतं, अधिक 35 म्हणजे 175. मग नॉर्थच्या 170मध्ये काच केबलवर टेकणार का? लाकूड फार आवडलं होतं.

जुनाजोडारी

कनेक्टर कार्डात खोल बसवलेला असेल तर पाचेक मिमी सुटतील. हातात कार्ड आहे, बघून घ्या. पण वाटाघाटी करत बसण्यापेक्षा मोठं घ्या असं मी म्हणेन.

धूळखाऊ

मधेच विचारतो. जाळीने धूळ जास्त जात नाही का आत? आणि वरच्या जागेतही फॅन लावावेत ना, गरम हवा वर जाते म्हणून?

पंखापुराण

गरम हवा वर जाते हे खरं, पण डब्यात फॅन फिरत असताना त्या ओढीपुढे हे चढणं अगदीच किरकोळ. वरच्या बाजूला पुढच्या कोपऱ्यात हवा बाहेर टाकणारा फॅन लावलात तर तो पुढून आलेली थंड हवा प्रोसेसरपर्यंत पोचायच्या आतच बाहेर फेकतो. लावायचाच तर मागच्या बाजूचा लावा. यांना त्याचीही गरज नाही.

धुळीचं म्हणाल तर आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवायची. मग जादा हवा फटींतून बाहेर जाते आणि आत येणारी बहुतेक फिल्टरमधूनच येते. उलट केलंत की प्रत्येक भोकातून धूळ ओढली जाते. अर्थात फिल्टर तुंबला तर जाळीसुद्धा बंद पॅनेलच होते. महिन्याकाठी झटका, एवढंच.

फॅन उलटा बसवू नका. ज्या बाजूला आडवे दांडे दिसतात त्या बाजूने हवा बाहेर पडते.

रिकामाखण

अपडेट. कनेक्टर खोल नव्हता, वरच्या कडेलाच होता. त्यामुळे लॅनकूल २१६ घेतलं. कोनाड्यात दोन्ही बाजूंना जेमतेम बोट जाईल इतकी फट राहते, पण फळी नसल्यामुळे आता पट्टी जागची हलत नाही. केबल सरळ जाऊन मग वळते, काच न दाबता बसली.

नवं कार्ड, तोच प्रसंग, अर्धा तास, खोली 28: कार्ड 66.

दोन गोष्टी अडल्या. कॅबिनेटच्या टाइप-सी पोर्टची केबल लावायला माझ्या बोर्डावर जागाच नाही, ती केबल मागे गुंडाळून ठेवली आहे. दुसरं म्हणजे गेममध्ये शांतता असते, पण साधं वेबपान उघडलं तरी पुढचे फॅन एकदम घोंगावतात आणि लगेच गप्प होतात. दिवसभर हेच. कॅबिनेट सदोष आहे का?

पंखापुराण

कॅबिनेट ठीक आहे. फॅन प्रोसेसरच्या तापमानावर बांधलेले असतील. रायझन क्षणभर दहा-पंधरा अंश उसळतो आणि फॅन त्याच्या मागे धावतात. बायॉसमध्ये (मशीन सुरू होताना उघडतात त्या सेटिंगमध्ये) फॅनच्या पानावर वेग वाढवण्याआधी थांबायचा वेळ देता येतो का बघा, पाचेक सेकंद द्या. आणि तिथल्या आलेखात 60 अंशांपर्यंत वेगाची रेघ सपाट ठेवा.

जुनाजोडारी

टाइप-सीसाठी बोर्डावर वेगळं हेडर (केबल खोचायची जागा) लागतं, ते नसेल तर राहू दे तसंच. तेवढ्यासाठी बोर्ड बदलू नका.

रिकामाखण

वेळ देता आला. सहा सेकंद दिले, रेघही सपाट केली. आता हे टाइप करताना वीस टॅब उघडे आहेत आणि भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येतेय. लाकडी पट्ट्यांची हळहळ मात्र अजून आहे.